पछाडलेल्या वाड्याचा मालक कोण?

होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ डिसेंबर १७६४ मध्ये निघाली, ती एका जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या आवृत्तीत, वॉलपोल यांनी कर्तृत्व कबूल केलं आणि उपशीर्षकात ‘गॉथिक’ हा शब्द घातला. इंग्रजी गॉथिक कादंबरीचा आरंभ इथून धरतात. बुद्धिवादाला विटलेल्या वाचकांनी मध्ययुगीन अद्भुताकडे घेतलेली धाव, असं या प्रकाराचं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ऑट्रँटोच्या किल्ल्यात एक प्रचंड शिरस्त्राण कोसळून मॅनफ्रेडचा एकुलता एक मुलगा ऐन लग्नाच्या दिवशी मरतो. या अद्भुताला कारण आहे: मॅनफ्रेडच्या आजोबाने मूळ धन्याला विष घालून ही जहागीर बळकावलेली असते आणि अखेर ती थिओडोर या खऱ्या वारसाकडे जाते. भूत इथे वारसाहक्क मागायला आलेलं आहे. घर कुणाचं आणि घरातल्या माणसांवर सत्ता कुणाची, या प्रश्नातूनच गॉथिक कादंबरीची भीती उपजते, असं मला वाटतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) या कादंबरीत सापडतो. रॅडक्लिफ आपल्या गूढांचा शेवटी उलगडा करतात. काळ्या पडद्यामागचं भयंकर प्रेत मेणाचं निघतं. किल्ल्याचा धनी मोंतोनी याचा जाच मात्र खराच ठरतो. जमिनी आपल्या नावे करून द्याव्यात म्हणून तो बायकोला कोंडून ठेवतो आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या भाचीच्या, एमिलीच्या, सहीसाठी हटून बसतो. प्रसंग इटलीतला असला तरी भीती इंग्लंडमधलीच होती. लग्नानंतर स्त्रीचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होतं, हे तत्त्व ब्लॅकस्टन यांनी याच शतकात आपल्या विधिग्रंथात मांडलं होतं. मेरी वुलस्टनक्राफ्ट यांच्या अपूर्ण कादंबरीत (१७९८) तर किल्लाही उरत नाही. पैशासाठी नवरा बायकोला थेट वेड्यांच्या खासगी इस्पितळात डांबतो. ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माडीवर कोंडलेली बर्था नवऱ्याच्या, रॉचेस्टरच्या, घरी ३०,००० पौंड घेऊन आलेली असते.

यावर काही आक्षेप येतात. ही कादंबरी फ्रेंच राज्यक्रांतीच्या हादऱ्यांतून जन्मली, असं मार्क्विस द साद यांनी १८०० मध्ये लिहिलं. १७९० च्या दशकातल्या लाटेला क्रांतीने बळ दिलं हे मान्य. पण वॉलपोल यांचं पुस्तक क्रांतीच्या पंचवीस वर्षं आधीचं आहे. दुसरा आक्षेप असा, की जेन ऑस्टिन यांनी ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त ही सगळी भीती वाचनवेड्या मुलीची कल्पना ठरवली. पण त्याच कादंबरीत, कॅथरिन श्रीमंत नाही असं कळताच जनरल टिल्नी तिला घराबाहेर काढतो. तिला खून दिसला तो भ्रम होता. घरधन्याचं क्रौर्य भ्रम नव्हतं. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) वाडा नाही की जहागीर नाही. तिथे माझं सूत्र ताणावं लागतं, तरी तुटत नाही. आपण घडवलेल्या जिवाला निर्माता नाव देत नाही, आसरा देत नाही, आणि तो नाकारलेला जीव आपला हक्क मागत त्याच्या मागे लागतो.

विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ मध्ये झाले, तरी ही भीती संपली नाही. तिने विषय बदलला. ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) सुरुवात लंडनजवळच्या घराच्या खरेदीपासून होते; वकील जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियात जातो तो त्याच कागदपत्रांसाठी. परका आता रीतसर मालक होऊन येणार, ही साम्राज्याच्या राजधानीची नवी धास्ती होती. म्हणून या कादंबऱ्यांना निव्वळ करमणूक समजणं अन्यायाचं आहे. कायद्याने ज्यांना बोलायला जागा ठेवली नव्हती, त्यांची तक्रार या कादंबऱ्यांनी शतकभर नोंदवून ठेवली.