खैरापासून हाडाच्या पुडीपर्यंत

ठाणे जिल्ह्यात हिरडीवरचं औषध पूर्वी डोंगरातून खाली यायचं. मुरबाड-शहापूरच्या रानात कातकरी खैर तोडायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायचे आणि पाणी आटवून कात पाडायचे. तो बहुतेक विड्यात जाई. पण हिरडीतून रक्त आलं की त्याचीच चिमूट दाबून धरायची, हे घरोघर ठाऊक होतं. इंग्रजी अमलात जंगलं राखीव झाली, खैर तोडण्यावर निर्बंध आले आणि कातकऱ्यांच्या वाट्याला कोळशाच्या नि विटांच्या भट्ट्या आल्या. चिमूट मात्र फडताळात राहिली. माझ्या आजीकडे कात, तुरटी आणि लवंग एकाच डबीत असत.

कातात टॅनिन असतं. कातडं कमावताना जे होतं तेच थोड्या प्रमाणात हिरडीचं होतं: वरचा थर आवळतो, रक्त थांबतं, बरं वाटतं. डोंबिवलीत हिरड्यांच्या शस्त्रक्रिया करत माझी हयात गेली, त्यामुळे कात आणि त्याच्या सगळ्या गोतावळ्याबद्दल माझी तक्रार एकच आहे. दात हिरडीच्या नव्हे, हाडाच्या आधारानं उभा असतो आणि ते हाड आरशात दिसत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या दिसणारी हिरडी घट्ट करत राहिलो. खाली हाड विरघळत राहिलं.

सुश्रुतांचं निदान पक्कं होतं. दंतमुळाचे पंधरा रोग त्यांनी मोजले. त्यातल्या दंतवेष्टात पू-रक्त वाहतं आणि दात हलू लागतात. पेशंट आजही खुर्चीत बसून नेमकं हेच सांगतो, फक्त ‘पायोरिया झालाय’ म्हणतो. उपाय काय, तर आधी दूषित रक्त काढायचं, मग लोध्र, पतंग, ज्येष्ठमध आणि लाख यांची पूड मधात कालवून चोळायची. आधी सफाई, मग औषध. हा क्रम मला अजूनही बिनतोड वाटतो. घरगुती परंपरेनं सफाई गाळली आणि पूड तेवढी ठेवली.

पुडींमधली सगळ्यांत वाईट म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. सकाळी एकदा, मग तलफ येईल तेव्हा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसत नाही, म्हणून बाई निर्धास्त. १९९२ साली सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरातल्या तव्यावर कोण बंदी घालणार? माझ्याकडे चाळिशीच्या बायका यायच्या. हिरडी कोरडी, फिकट, वरून शांत, आणि एक्स-रेमध्ये दाताच्या मुळाभोवती काळोख.

याच डोंबिवलीत, एमआयडीसीत विकोचा कारखाना. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळच्या छोट्याशा जागेत वज्रदंतीचं मंजन सुरू केलं. डोंबिवलीतलं कॉलेज त्यांच्याच नावाचं. वज्रदंती म्हणजे आपली पिवळी कोरांटी. तिच्या जोडीला बाभूळ, बकुळ वगैरे तुरट मंडळी. हे प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध म्हणून निकाल लागला. मला त्यात वावगं दिसत नाही. मंजनाच्या निमित्तानं लोक दात घासू लागले, हेच मोठं. मात्र गेलेलं हाड कुठल्याही मंजनानं परत येत नाही, आणि ते पेशंटला समजावण्यात माझा बराच वेळ गेला.

आम्ही ऐंशीच्या दशकात शिकलो तेव्हा इलाज साधा होता: हिरडी उघडायची, मुळं खरवडायची, शिवायची. जखम भरे, पण आतली जोडणी परत येत नसे. कारण १९७६ मध्ये मेल्चर यांनी मांडलं होतं. मुळाशी ज्या पेशी आधी पोचतात, त्यांच्यावर पुढचं सगळं ठरतं. हिरडीची त्वचा झपाट्यानं वाढते, आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू मागून येईपर्यंत जागा गेलेली असते. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये नीमन, लिंढे, कॅरिंग वगैरेंनी एका माणसाच्या खालच्या पुढच्या दाताशी प्रयोगशाळेत द्रव गाळायचा मिलिपोर फिल्टर शिवून त्वचेची वाट अडवली. तीन महिन्यांनी दात काढून पाहिला, तर मुळावर नवे तंतू रुजलेले होते. वाढवण्याचं औषध एक थेंबही नव्हतं, अडवणूक तेवढी होती.

पुढे याच अडवणुकीसाठी रेनकोटच्या कापडातला गोअर-टेक्स आला. तो पाच-सहा आठवड्यांनी काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागे. ‘डॉक्टर, परत कापणार?’ हे ऐकून मी तो फार कमी वापरला. आपोआप विरघळणारी कोलॅजनची पटलं आली तेव्हा सुटल्यासारखं झालं.

विरघळलेल्या हाडाच्या खड्ड्यात भरायला हाड लागे. परदेशी बाटली महाग. पण परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊती पेढी होती. तिथे दान मिळालेलं हाड आणि वारेची पटलं शुद्ध करून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. हाडातलं कॅल्शियम काढून टाकलं की उरलेला गाभा नवं हाड जागवतो, हे युरिस्टनी १९६५ मध्येच दाखवलं होतं. धीम्या लोकलनं परळ गाठून मी ती चिमूटभर पूड पर्समध्ये घालून डोंबिवलीला आणत असे. शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं असतं तर ती उठून गेली असती.

‘कोणाचं हाड?’ हा प्रश्न हमखास. स्विस बाटलीत गायीचं, स्वीडिश जेलमध्ये डुकराच्या पिलांच्या दातकळ्यांचं प्रथिन. इथल्या बऱ्याच घरांत दोन्ही चालत नाही. म्हणून २००१ मध्ये फ्रान्समध्ये शुकरून यांनी काढलेली युक्ती आमच्याकडे पटकन रुळली. पेशंटचंच रक्त, त्यात काहीही न मिसळता मशीनमध्ये दहा-बारा मिनिटं फिरवायचं. मधे जो पिवळसर गोळा जमतो तो दाबून जखमेत ठेवायचा. सुई टोचल्यापासून मशीन सुरू होईपर्यंत वेळ दवडून चालत नाही, आणि भारनियमन चालू असताना इन्व्हर्टरशिवाय हा उद्योग करण्यात अर्थ नव्हता.

तरीही सगळ्यांचं हाड भरत नाही. दाताशेजारी खोल खड्डा असेल, त्याला दोन-तीन बाजूंनी भिंती असतील, तर आशा. सगळीकडून सपाट झिजलं असेल तर पूड थांबत नाही. मिश्री-गुटखा सुटला नसेल तर मी पेशंटला परत पाठवत असे, त्यावर घरच्यांची बोलणी खाल्ली आहेत. आणि ज्यांचं केलं त्यांना बजावत असे की सहा महिने त्या जागी कोणालाही प्रोब, म्हणजे खोली मोजायची सळई, घालू द्यायचा नाही. अगदी मलाही नाही. मग एक्स-रे काढू.