गोळीतले दीर्घायुष्य आणि आंबेनळीची अळंबी

एर्गोथायोनीन हे गंधक असलेले अमिनो आम्ल सध्या दीर्घायुष्याची गोळी म्हणून विकले जाते. पूर्वपक्ष सरळ आहे: ते नैसर्गिक आहे, अँटिऑक्सिडंट आहे, म्हणून जितके जास्त घ्याल तितके बरे.

यातले 'नैसर्गिक' आधी पाहू. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल तांरे यांनी १९०९ मध्ये हा पदार्थ वेगळा केला, तो राय धान्यावरच्या अरगट बुरशीतून. त्याच बुरशीच्या विषाने युरोपात माणसांचे हातपाय सडून गेले होते. आता 'जास्त तितके बरे'. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९४ मध्ये जाहीर झाले. बीटा-कॅरोटीनही निसर्गात आढळते आणि ते अँटिऑक्सिडंटही आहे.

तरीही एर्गोथायोनीनला निव्वळ थोतांड म्हणणे अन्यायाचे होईल. शरीर ते बनवू शकत नाही, पण आतड्यातून उचलून तांबड्या पेशींत, यकृतात, मूत्रपिंडात साठवते. त्यासाठी पेशींच्या पटलात खास वाहक प्रथिन आहे, हे २००५ मध्ये समजले. याच जोरावर अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी २०१८ मध्ये त्याला दीर्घायुष्याच्या जीवनसत्त्वांत बसवावे असे सुचवले. स्वीडनमधल्या माल्मो इथे सुमारे ३,२०० लोकांच्या पाहणीत, रक्तात ते जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि मृत्यू कमी आढळले. पण हा केवळ संबंध आहे, कारण नव्हे. वाहक प्रथिन काढून टाकलेले उंदीर एर्गोथायोनीनविना जगतात. आतड्याच्या दाहाला मात्र लवकर बळी पडतात. म्हणजे ते उपयोगी असावे, पण गोळीने आयुष्य वाढते हे माणसांत सिद्ध झालेले नाही.

मग ते मिळवायचे कुठून? अळंबीतून. भाज्यांत ते अगदी थोडे, तेही बहुधा मातीतल्या बुरशीकडून आलेले. पावसाळ्यात आंबेनळी घाटाच्या रानात वारुळावर टोकदार डोक्याची अळंबी उगवते. हलक्या हाताने उपटली तर देठ मुळासारखा निमुळता होत खोल, वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत गेलेला दिसतो. ती रोज मिळणार नाही. पण बाजारात मिळणाऱ्या धिंगरीत एर्गोथायोनीन भरपूर असते. ते उष्णतेला टिकते, पाण्यात मात्र उतरते, म्हणून उकळलेले पाणी फेकू नका; कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्साच करा.

आणि रानातल्या अनोळखी अळंबीला, ओळखणारा जाणता माणूस सोबत नसेल तर, हात लावू नका. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही.