अहेरीच्या लक्ष्मीबाईंचा निवाडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सिरोंचा येथे मी इतिहास शिकवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळचे हे गाव. वर्गातली बरीच मुले घरी तेलुगू बोलत, काही गोंडी. अशा ठिकाणी १८५८ च्या उठावाचा धडा शिकवताना तो पुस्तकातला राहत नाही, आपल्या परसातला होतो.

चांदा जिल्हा १८५४ मध्ये इंग्रजी अमलाखाली गेला. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज उभी केली. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांची मदत घेतली. सप्टेंबरात लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस. व्यंकटरावांची जमीनदारी जप्त झाली आणि बक्षीस म्हणून लक्ष्मीबाईंना मिळाली.

मी वर्गाला विचारले, "लक्ष्मीबाईंना काय म्हणाल?" एकमुखाने उत्तर आले, "फितूर!" मीही मान डोलावली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "पण सर, इंग्रज एक दिवस जाणार आहेत, हे तिला कुठं ठाऊक होतं?" वर्ग हसला. मी "बस खाली" म्हणालो आणि धडा पुढे नेला. ते चुकलेच माझे. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाचा १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धावर आधारलेला एक प्रयोग वाचनात आला. १९७५ साली प्रसिद्ध झालेला. त्या युद्धाची हकीकत त्याने लोकांना वाचायला दिली. एका गटाला सांगितले, इंग्रज जिंकले. दुसऱ्याला सांगितले, गुरखे जिंकले. मग विचारले, शेवट ठाऊक नसता तर तुम्हाला काय घडेलसे वाटले असते? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. घडून गेलेले आधीच दिसत होते, असे आपले मन आपल्याला पटवते.

माणसांना बरेवाईट ठरवतानाही हेच होते. आपल्याला १९४७ ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंसमोर होता १८५८ चा सप्टेंबर. दिल्ली वर्षभरापूर्वी पडली होती. त्यांच्याच नावाची झाशीची राणी तीन महिन्यांपूर्वी रणात पडली होती. बंडात गेलेल्याचे काय होते, हे उघड दिसत होते.

शिवाय निवाडा बदलतो तो आपण कुठे उभे आहोत त्यावरही. बिभीषण रामाच्या बाजूने पाहिला तर भक्त, लंकेच्या बाजूने पाहिला तर घरभेदी. इंग्रज सरकारला ज्या लक्ष्मीबाई बक्षिसाला पात्र वाटल्या, त्याच आमच्या वर्गाला फितूर वाटल्या.

मग त्यांना निर्दोष म्हणायचे का? नाही. भीतीपोटी गप्प राहणे निराळे आणि आपल्या मुलखातला माणूस धरून देऊन त्याच्या साथीदाराची गावे घेणे निराळे. भीती समजून घेता येते, बक्षीस घेणे नाही. बाबुराव वंदनीय आहेत. २००९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, ते योग्यच झाले. माझे म्हणणे एवढेच की, निवाडा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. त्या व्यक्तीला त्या वेळी काय ठाऊक होते? तिच्यापुढे दुसऱ्या कोणत्या वाटा होत्या? आणि तिच्या जागी मी असतो तर? मग निवाडा कठोर आला तरी चालेल, पण तो विचार करून आलेला असेल.

हे केवळ पुस्तकी नाही. १९८० च्या सुमारास नक्षल चळवळ गोदावरी ओलांडून याच सिरोंचा भागात आली. पुढच्या काळात या जंगलात 'खबऱ्या' या एका शब्दावर माणसे रात्री घरातून उचलून नेली गेली आणि सकाळी त्यांची प्रेते रस्त्यावर मिळाली. उलट, बंदुकीच्या धाकाने कुणाला भात वाढला, म्हणून कुणी नक्षल्यांचा साथीदारही ठरला. हे तीन प्रश्न तिथे कुणी विचारले नाहीत.

वर्गात घाईने दिलेल्या निवाड्याने कुणी मरत नाही, हे खरे. पण घाईने निवाडा देण्याची सवय वर्गातच लागते. ती मुलगी आज भेटली, तर मी तिला म्हणेन, "बाई, उभी राहा. तुझा प्रश्न पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकू येईल असा विचार."