साखर उतरते तेव्हा : इन्सुलिनच्या इतिहासातून शिकलेलं

टाइप वन मधुमेहाच्या लेकरांना रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं. ते जीव वाचवतं. पण मात्रा जास्त झाली की रक्तातली साखर झपकन उतरते. एखाद्या पोरीची साखर वरचेवर उतरली, की घरचे तिलाच बोल लावतात, "हिचं खाण्याकडे लक्षच नाही." आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, तो मात्र वेगळं सांगतो.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. तोवर हा आजार म्हणजे मरणच होतं. तिथल्याच विद्यापीठात जास्त इन्सुलिन टोचलेल्या सशांना झटके येत आणि साखर दिली की ते सावरत. औषधाबरोबर त्याचा धोकाही तेव्हाच कळला.

पुढे १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांचा अभ्यास जाहीर झाला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, किडनी, नसा सांभाळल्या जातात. पण साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट झालं. त्याच काळात डॉ. फिलिप क्रायर यांच्या संशोधनातून कळलं, की साखर एकदा उतरली की पुढच्या वेळी शरीर इशारा उशिरा देतं. घाम, थरथर, धडधड जाणवतच नाही. म्हणून जिची साखर आधी फार उतरली, तिलाच पुन्हा धोका जास्त. यात तिचा दोष नाही. आजार जुना असला, किडनी कमजोर असली, तरी धोका वाढतो. काही आठवडे साखर उतरू दिली नाही, तर हरवलेला इशारा परत येऊ शकतो.

आपल्या जालन्यात कापूस वेचणी, मोसंबीची तोडणी आणि उपासाचे दिवस सांभाळावे लागतात. इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, की साखर उतरते. दिवसभर कष्ट झाले तर रात्री झोपेतही उतरू शकते. अशा दिवशी मात्रा किती घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

लेकरू शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. याला बाहेरची बाधा समजून वेळ दवडू नका. इन्सुलिन मनानं बंद करू नका. आणि पोरीला रागावू नका. रागावलं तर ती पुढच्या वेळी सांगणारच नाही.