सायकल कोणाच्या मापाची?

माझ्या मोठ्या बहिणीला सायकल येत नाही. ती बारा वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाला पन्नास पैसे भाड्याने बावीस इंची सायकल आणली होती. आडव्या नळीखालच्या त्रिकोणातून पाय घालून, म्हणजे आपण ज्याला ‘हाफ पायडल’ म्हणतो तसे, ती फ्रॉक सावरत दोन दिवस शिकली. तिसऱ्या दिवशी गटारात पडली, गुडघा फुटला, आणि ‘तिला तोल नाही’ असा घरात निकाल लागला. यंत्राची चौकशी कोणी केली नाही. ती आता करू.

सायकलीच्या पूर्वजाला माप होते. १२ जून १८१७ रोजी कार्ल द्राईस हा जर्मन गृहस्थ मानहाइम शहरातून आपल्या लाकडी दुचाकीवरून निघाला आणि जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटरचे अंतर त्याने तासाभरात कापले. या गाडीला पायडल नव्हते. बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटत जायचे. त्यामुळे बैठक अशाच उंचीवर हवी, की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. द्राईसने ती खालीवर करण्याची सोयही ठेवली होती. दोन चाकांवर तोल साधतो हे माणसाला प्रथम कळले ते पाय जमिनीवर असताना, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले (श्रेय कोणाचे, यावर अजून वाद आहे) आणि सगळे गणित बदलले. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे करा. ५२ इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात सव्वाचार मीटरला थोडे कमी अंतर जाते. मग ६० इंचांचे का नको? कारण पाय पुरत नाही. ज्याच्या टांगा लांब तो वेगवान, असा हा प्रकार होता. कारखानदार पायाची लांबी विचारून चाकाचा आकडा देत. स्वार जवळजवळ चाकाच्या डोक्यावर बसलेला असे. वाटेत दगड आला की तो हँडलवरून थेट तोंडावर पडे. नवशिक्यांना, बुटक्यांना आणि लांब झगे घालणाऱ्या स्त्रियांना या यंत्राने बाहेरच ठेवले. स्त्रिया चालवीत त्या मुख्यतः तीनचाकी.

हा पेच सोडवला साखळीने. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. पुढे १८९८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये त्याने व्याख्यान देऊन आपला विचार सांगितला. त्यात वेगाची बढाई नाही. स्वार जमिनीपासून योग्य अंतरावर असावा, सीट पायडलच्या संदर्भात योग्य जागी असून वरखाली आणि मागेपुढे सरकावी, हँडलही तसेच हलवता यावे, आणि साखळीच्या चक्र्या बदलून गती हवी तशी ठेवता यावी, अशा त्याच्या अटी होत्या. म्हणजे यंत्र रचताना त्याने आधी माणूस बसवला आणि मग त्याच्याभोवती नळ्या जोडल्या. २८ इंची चाक, पुढे ४४ दाते, मागे १८ असा हिशेब केला, तर छोट्या चाकातून ६८ इंची चाकाची चाल मिळते. त्यासाठी लांब टांगांची गरज उरली नाही.

जुन्या चाकाची आठवण मात्र आकड्यांमध्ये राहिली. मुलांच्या सायकलीचे माप आजही चाकावरून सांगतात, तर मोठ्या काळ्या सायकलीचे ‘बावीस’ किंवा ‘चोवीस’ हे फ्रेमचे माप असते. दुकानात या दोन आकड्यांची गफलत नेहमी होते.

मग योग्य उंची कोणती? हॅम्ली आणि टॉमस या इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी १९६७ मध्ये प्रयोग करून पाहिले. पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीच्या १०९ टक्के एवढे अंतर सीटच्या माथ्यापासून खाली गेलेल्या पायडलपर्यंत ठेवले, तर ठरावीक जोराचे काम सर्वांत लवकर उरकते, असे त्यांना आढळले. वर्गात हे मापणे सोपे आहे. विद्यार्थ्याला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करा, दोन पायांत एक जाड पुस्तक वर घट्ट धरायला सांगा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि १.०९ ने गुणा.

पण हा आकडा सरावलेल्या स्वाराचा. नवशिक्याला १८१७ सालीच जावे लागते. सीट इतकी खाली घ्या, की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. जमले तर पायडल काढून हलक्या उतारावर नुसते घरंगळू द्या. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. पान्याशी झगडून अनेकांनी बोटे सोलून घेतली आहेत.) तोल साधला की पायडल लावा, आणि मग सीट बोटबोट वर न्या.

परवा बहिणीच्या बारा वर्षांच्या मुलीचे माप घेतले. ६६ सेंटीमीटर. गुणाकार आला ७२. आता बावीस इंची फ्रेम घ्या. फ्रेमची नळी ५६, पायडलचा दांडा सुमारे १६, स्प्रिंगसकट सीट १० धरा. अगदी खाली बसवली तरी ८२. दहा सेंटीमीटर जास्त, तेही सरावलेल्या स्वारासाठी. पाय टेकण्याचा तर प्रश्नच नाही, कारण सीट जमिनीपासून नव्वदच्या आसपास असते. मधली आडवी नळी वेगळीच.

बहीण शेजारी बसून आकडेमोड पाहत होती. तिने कागद हातात घेतला, पुन्हा एकदा बेरीज केली आणि विचारले, “मग माझ्यासाठी केवढी घ्यावी लागेल?”