कार्नोचा ग्रंथ आणि क्लापेरॉनचे भाष्य

मूळ ग्रंथ कोणाच्या हाती नाही आणि त्यावरचे भाष्य मात्र सर्वांच्या, हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांस नवा नाही. उष्णतेच्या शास्त्रातही तो एकदा घडला. फरक इतकाच की तेथील भाष्याचा गाभा एक आकृती होती.

सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने 1824 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अग्नीच्या चालकशक्तीवर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. सामान्य वाचकास समजावे म्हणून त्याने गणित जवळजवळ सारे तळटिपांत ठेवले. युक्तिवाद गद्यातच चालतो. त्याचा आधार एक रूपक आहे. पाणी उंचावरून पडते आणि चाक फिरते, तशी उष्णता तप्त वस्तूकडून थंड वस्तूकडे ‘पडते’ आणि यंत्र चालते. पण पडलेले पाणी खाली तेवढेच भरते, म्हणून उष्णताही खर्च होत नाही, असे त्या रूपकाने ओघानेच गृहीत धरले. पुस्तकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. 1832 साली कार्नो पटकीने वारला.

दोन वर्षांनी एमिल क्लापेरॉनने तोच युक्तिवाद आकृतीत मांडला. आडव्या अक्षावर वायूचे आकारमान, उभ्या अक्षावर दाब. कार्नोच्या चार पायऱ्यांची एक बंद वक्ररेषा झाली आणि तिच्या आतले क्षेत्रफळ म्हणजे यंत्राने केलेले कार्य. आकृतीची कल्पना मात्र कारखान्यातली. जेम्स वॅटचा सहकारी जॉन सदर्न याने 1796 साली दाबमापकाला पेन्सिल जोडून, दट्ट्याबरोबर सरकणाऱ्या कागदावर इंजिनाकडूनच अशी रेषा काढून घेतली होती. वॅटच्या मंडळींनी ती युक्ती कित्येक वर्षे गुपित ठेवली.

या आकृतीत एक प्रश्न दडलेला होता. तो पाहण्यासाठी आम्ही सोपा आयत घेतो. हेलियमसारखा वायू, आकारमान 1 ते 3 लिटर, दाब 1 ते 2 लाख पास्कल. आकारमान न बदलता दाब वाढवला तर रेषा उभी जाते, खाली क्षेत्रफळ नाही, म्हणून कार्य शून्य; तरी 150 ज्यूल उष्णता द्यावी लागते. मग वरच्या दाबावर वायू पसरतो: कार्य 400, उष्णता 1000. परतीच्या वाटेवर दाब उतरताना 450 आणि आकुंचन पावताना 500 ज्यूल उष्णता बाहेर जाते. आकुंचनासाठी 200 ज्यूल कार्य आपल्याला करावे लागते. निव्वळ कार्य 200, म्हणजे बरोबर आयताचे क्षेत्रफळ. आणि उष्णता? आत 1150, बाहेर 950. पाणचक्कीच्या रूपकाप्रमाणे दोन्ही आकडे समान हवे होते. जे 200 ज्यूल कमी पडले, तेच कार्य झाले.

क्लापेरॉनने हे पाहिले नाही. भाष्यकार निष्ठावान होता. रूपकासकट ग्रंथ त्याने जपला. आम्हांस त्याला दोष द्यावासा वाटत नाही, कारण त्याच्यावाचून ग्रंथ उरलाच नसता. विल्यम टॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) 1845 साली पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानांतून कार्नोचे पुस्तक शोधत फिरले आणि रिकाम्या हातांनी परतले. 1850 साली क्षेत्रफळ म्हणजेच खर्च झालेली उष्णता, हे सांगणाऱ्या रुडॉल्फ क्लॉझियसलाही मूळ पुस्तक मिळालेले नव्हते. त्याने कार्नो जाणला तो क्लापेरॉन आणि टॉमसन यांच्या लेखांतून. मूळ संहिता न पाहता तिची दुरुस्ती, आणि तीही अचूक! आमच्या विद्याशाखेत असे धाडस कोणी खपवून घेणार नाही.

1878 साली कार्नोच्या धाकट्या भावाने, इपोलितने, सादीची शिल्लक राहिलेली टिपणे छापली. त्यांत उष्णता नष्ट होते तेव्हा कार्य उत्पन्न होते असे स्पष्ट लिहिलेले होते. आपले रूपक त्याने स्वतःच टाकून दिले होते. इतकेच नव्हे, एक किलोकॅलरी उष्णतेस सुमारे 370 किलोग्रॅम-मीटर कार्य, असा हिशेबही त्याने केला होता. आज मान्य असलेला आकडा 427 आहे.