उपेक्षित पहारेकरी : नैसर्गिक मारक पेशींच्या शोधाची हकीकत

इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट वारंवार आढळून येते. पुराव्याच्या अभावीं सत्य लपून राहिलें असें जितक्या वेळां घडतें, त्याहून अधिक वेळां पुरावा डोळ्यांसमोर असून तो पुरावा आहे हेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दप्तरांतील एखादा कागद शंभर हातांखालून जातो आणि ‘किरकोळ’ असा शेरा मिळून पुन्हां रुमालांत बांधला जातो. राज्यांच्या इतिहासांत जें घडतें तेंच शास्त्रांच्या इतिहासांतहि घडतें. आमचा विषय इतिहास. जीवशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. तथापि आपल्या रक्तांतील ‘नैसर्गिक मारक पेशी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पेशींच्या शोधाची हकीकत वाचीत असतां आम्हांस आमच्याच दप्तरखान्यांत बसल्याचा भास झाला. म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

रोगप्रतिकाराचा इतिहास हा बहुतांशीं स्मरणाचा इतिहास होय. ख्रिस्तपूर्व ४३० मध्यें अथेन्स शहरांत भयंकर सांथ उद्भवली. तिच्या तडाख्यांतून स्वतः वांचलेल्या थ्युसिडिडीस या इतिहासकारानें असें नमूद करून ठेविलें आहे कीं, दुखण्यांतून उठलेले लोकच आजाऱ्यांची शुश्रूषा निर्भयपणें करीत. कारण तो रोग एकाच मनुष्यास दुसऱ्यांदा प्राणघातक होत नसे. इ. स. १७९६ सालीं जेन्नरनें गाईच्या देवींची लस टोंचून हाच अनुभव उपयोगांत आणिला. शरीर एकदां शत्रूशीं झुंजतें, त्यास ओळखून ठेवितें आणि पुढें विसरत नाहीं, हा सिद्धांत अशा रीतीनें दृढ होत गेला.

या सिद्धांतास एक निराळी बाजू आहे हें मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें दाखविलें. इ. स. १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें त्यानें तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगांत गुलाबाचा कांटा खुपसला. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! त्या पेशींस कोणी शिकविलें नव्हतें. इ. स. १९०८ चें नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व त्याच्या विरुद्ध पक्षाचा धुरीण एर्लिख या दोघांस विभागून मिळालें. परंतु व्यवहारांत जय झाला तो स्मरणवाद्यांचा. मेचनिकॉफचाच शिष्य हाफकिन इ. स. १८९६ सालीं प्लेगच्या दिवसांत मुंबईस आला, आणि त्यानें लोकांस दिली ती लसच. त्यांत नवल नाहीं. लसीनें प्राण वांचत होते.

इ. स. १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञांची अशी खात्री होऊन बसली होती कीं, रक्तांतील लसिकापेशी शत्रूस मारण्यापूर्वीं त्यांस त्या शत्रूची ओळख व्हावीच लागते. हें तपासण्याची रीत मोठी मार्मिक होती. कर्कपेशींत किरणोत्सर्गी क्रोमियम भरावयाचें. मग ज्या उंदरास त्या कर्काची आधीं ओळख करून दिली आहे त्याच्या लसिकापेशी त्यांत सोडावयाच्या. कर्कपेशी फुटली कीं क्रोमियम बाहेर येतें. तें मोजलें म्हणजे मारलेल्यांची संख्या कळते. तुलनेकरितां कांहींएक न शिकविलेल्या उंदराच्या पेशीहि घेत. त्यांनीं स्वस्थ बसावें अशी अपेक्षा. पण त्याहि मारीत! हा उपद्रव अनेक प्रयोगशाळांतून दिसत होता. कोणी त्याचा दोष उपकरणांस दिला, कोणी पेशींच्या अशुद्धतेस. आणि पुष्कळांनीं तो आंकडा निमूटपणें वजा करून टाकिला. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर कागद रुमालांत परत गेला.

तो रुमाल सोडला स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेंत. रॉल्फ किसलिंग हा तरुण संशोधक, बुडापेस्ट येथें जन्मलेल्या एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनीं त्या वजा केलेल्या आंकड्यासच प्रश्न विचारला. न शिकतां मारणाऱ्या या पेशी ठाऊक असलेल्या कोणत्याच वर्गांत बसत नाहींत, त्या स्वतंत्र जातीच्या आहेत, असें ठरवून इ. स. १९७५ सालीं त्यांनीं त्यांस ‘नैसर्गिक मारक’ हें नांव दिलें. त्याच सालीं अमेरिकेंत रॉनल्ड हर्बरमन व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणें त्याच निष्कर्षास पोंचले.

पण आधीं ओळख नसतां ही पेशी आपपर कसें जाणते? या कोड्याचें उत्तर विषाणूंच्या कपटांत सांपडतें. विषाणु पेशींत शिरून तिच्याच सामग्रीनें आपली प्रजा वाढवितो. आपल्या बहुतेक पेशी मात्र आंत घडणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे विशिष्ट खुणेच्या प्रथिनांवर धरून बाहेर दाखवीत असतात. त्या खुणेवर परकी तुकडा दिसला तरच टी-पेशी हल्ला करते, हें झिंकरनागेल व डोहर्टी यांनीं इ. स. १९७४ सालीं कॅनबेरा येथें उजेडांत आणिलें, त्याबद्दल इ. स. १९९६ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. आतां धूर्त विषाणु काय करतो? तो ती खूणच पुसून टाकितो. मग टी-पेशीस दिसणार तें काय?

येथें स्वीडनमधील क्लास कॅरे यांनीं प्रश्न उलटा केला. मारक पेशी परकी वस्तु शोधीत नसून स्वकीय खुणेचा अभाव शोधीत असेल काय? इ. स. १९८६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, स्वकीय खूण गमावलेल्या कर्कपेशी उंदराच्या शरीरांत नष्ट होतात आणि खूण बाळगणाऱ्या मात्र वाढतात. पेशवाईंतील पुण्यांत रात्रीं दस्तकावांचून फिरणारास चौकीवर अडवीत. चोराची मुद्रा पहारेकऱ्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, दस्तक नाहीं एवढेंच पुरे. मारक पेशीचें वर्तन बरेंचसें असेंच आहे. तथापि नुसत्या अभावावर ती हत्यार उपसत नाहीं. संकटांत सांपडलेली पेशी आपल्या पृष्ठावर कांहीं निराळीं प्रथिनें आणते. तीं मारक पेशीस चेतवितात, आणि स्वकीय खूण तिला आवरते. या दोहोंची तुलना करूनच ती निर्णय घेते. निर्णय झाला कीं ती शत्रुग्रस्त पेशीस बिलगते, तिच्या आवरणास छिद्रें पाडणारें प्रथिन सोडते, आणि त्या वाटेनें शिरणारीं दुसरीं प्रथिनें त्या पेशीस मरण पत्करावयास लावितात. विषाणूंचा कारखानाच असा मोडतो. इ. स. १९५७ सालीं इंग्लंडांत शोध लागलेलें इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य या पहारेकऱ्यांस अधिक जागरूक करतें. टी-पेशींचें शिकलेलें सैन्य तयार होण्यास सुमारें आठवडा लागतो. तोंपर्यंतचे पहिले दिवस यांनींच निभावावयाचे असतात.

विषाणूहि स्वस्थ बसलेले नाहींत. मानवी सायटोमेगॅलो विषाणु पेशीची खरी खूण दडवितो आणि तिच्यासारखें दिसणारें स्वतःचें प्रथिन पुढें करतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयानें पुणें दरबारास किती वर्षें घोर लाविला हें जाणणाऱ्या वाचकांस या युक्तीचें मर्म सांगावयास नको.

एवढ्यावरूनहि या पेशी खरोखर आवश्यक आहेत कीं नाहींत, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर एका मुलीच्या दुखण्यानें दिलें. इ. स. १९८९ सालीं ख्रिस्टीन बिरन व त्यांचे दोन सहकारी यांनीं अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला कांजिण्या आल्या. आपल्या घरोघरीं मुलांना कांजिण्या येतात, आई कडुनिंबाचा पाला अंथरते, आणि आठपंधरा दिवसांत मूल पुन्हां अंगणांत खेळूं लागतें. त्या मुलीच्या मात्र त्या जिवावर बेतल्या. पुढें त्याच कुळांतील दुसऱ्या विषाणूंनींहि तिला गांठलें. तपासांतीं कळलें कीं, तिच्या रक्तांत नैसर्गिक मारक पेशीच नव्हत्या. जो आंकडा प्रयोगशाळांनीं निरुपयोगी म्हणून वजा केला होता, तो एका मुलीच्या शरीरांतून निसर्गानेंच वजा केला होता, आणि त्याची किंमत काय हें अशा रीतीनें जगास कळलें.

या इतिहासाचें शेवटचें पान अद्यापि लिहिलें गेलेलें नाहीं. या पेशींस स्मरण नसतें असेंच दीर्घकाळ मानीत आले, परंतु इ. स. २००९ सालीं लुइस लॅनियर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, विषाणूशीं एकदां झुंजलेल्या उंदरांतील कांहीं मारक पेशी महिनेच्या महिने टिकून राहतात आणि पुढील प्रसंगीं अधिक जोमानें लढतात. म्हणजे स्मरण व निसर्गदत्त सामर्थ्य यांच्यामध्यें आखलेली रेघहि आपल्या सोयीचीच होती. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही नेहमीं सांगतों कीं, जो कागद तुमच्या मतांत बसत नाहीं तो आधीं वाचा. प्रयोगशाळेंतील मंडळींस याहून निराळा उपदेश करावा असें आम्हांस वाटत नाहीं.